फायबरचा पूल: पाणी हिरवं, तळाशी गाळ. रिकामा करावा का? (नाशिक)

मखमलाबादकर:
गंगापूर धरणाच्या बाजूला फार्महाऊसवर फायबरचा पूल आहे. ८ बाय ४ मीटर, सरासरी खोली १.४ मीटर. दोन वर्षं वापर नाही. पाणी गर्द हिरवं, दुसरी पायरीही दिसत नाही. तळाशी पानांचा कुजका गाळ, वर डासांच्या अळ्या. पंप चालू होतो, फिल्टर वाळूचा आहे. ठेकेदार म्हणतो सगळं पाणी उपसून ॲसिडनं धुऊ, दोन दिवसांत काम होईल. पाऊस नुकताच उघडलाय. धुऊन घ्यावं का?

गोदाकाठ:
अजिबात रिकामा करू नका. फायबरचं भांडं जागेवर राहतं ते आतल्या पाण्याच्या वजनामुळे. पावसाळा संपताना जमिनीतलं पाणी सर्वांत वर असतं. भांडं मोकळं झालं की ते पाणी खालून रेटतं. तळ फुगतो, भिंती आत येतात, कधी अख्खा पूल वर उचलला जातो आणि पाइप तुटतात. शेजारच्या विहिरीची पातळी पुलाच्या तळापेक्षा वर असेल तर धोका उघडच आहे. पण विहीर खाली आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. आपल्याकडच्या काळ्या खडकात खणलेला खड्डा स्वतःच हौदासारखा पाणी धरून ठेवतो, आणि ते पाणी वरून दिसत नाही.

ॲसिडचा धुवा सिमेंटच्या पुलाला चालतो. फायबरवर वरचा चकचकीत थर म्हणजे जेलकोट असतो. तीव्र ॲसिडनं तो खरखरीत होतो, आणि खरखरीत जागीच पुढे शेवाळ घट्ट धरतं. आहे त्याच पाण्यात काम करा.

सातपूर_पंपवाला:
वरच्याशी सहमत. तुमचा पूल साधारण ४५,००० लिटरचा. त्या हिशोबानं सांगतो.

आधी वीज. बंद जागेत उंदीर वायर कुरतडतात. अर्थिंग आणि ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) तपासल्याशिवाय पंप लावू नका. स्किमरची (काठावरचं तरंगता कचरा ओढणारं तोंड) टोपली हातानं काढण्याआधी काठीनं हलवून बघा, साप-बेडूक बसलेले असतात.

मग खोल जाळीनं पानं काढा, जितकी निघतील तितकी. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथेच अर्धा खर्च वाचतो: कुजकी पानं राहिली तर टाकलेला क्लोरीन शेवाळाऐवजी त्यांच्यावरच संपतो.

त्यानंतर पीएच (पाणी किती आम्ल आहे तो आकडा) मोजा आणि ७.२ वर आणा. पीएच ८ च्या पाण्यात क्लोरीनचा जेमतेम चौथा हिस्सा कामाचा उरतो. हायड्रोक्लोरिक ॲसिड एका वेळी अर्धा लिटर, बादलीभर पाण्यात पातळ करून, पंप चालू ठेवून टाका. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडवर नाही. चार तास फिरवून परत मोजा. ॲसिड आणि क्लोरीन एका बादलीत किंवा लागोपाठ कधीही नाही, विषारी वायू होतो.

संध्याकाळी क्लोरीन. द्रव सोडियम हायपोक्लोराइट घ्या, ताजा. उन्हात ठेवलेल्या कॅनची ताकद उतरलेली असते. १० टक्क्यांचा असेल तर १ पीपीएमला (दहा लाख भाग पाण्यात एक भाग क्लोरीन) ४५० मिली, म्हणजे १० पीपीएमला साडेचार लिटर. बोअरचं पाणी जड असल्यानं हायपो पावडरपेक्षा (कॅल्शियम हायपोक्लोराइट) द्रवच बरा; पावडरीतला चुना पाण्याचा जडपणा आणखी वाढवतो. पावडरच मिळाली तर ६५ टक्क्यांची ७०० ग्रॅम आधी बादलीत विरघळवा, निवळी ओता, खालचा गाळ टाकून द्या. कोरडी पावडर तळाशी बसली तर जेलकोटवर पांढरे चट्टे पडतात आणि ते जात नाहीत.

भिंती, पायऱ्या रोज नायलॉनच्या ब्रशनं घासा. तारेचा ब्रश नको. पंप चोवीस तास. फिल्टर स्वच्छ असताना गेजवर जो दाब असेल तो लिहून ठेवा. दाब अर्धा किलो वर गेला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुवा. मल्टीपोर्टचा (फिल्टरवरचा, पाण्याची वाट बदलणारा व्हॉल्व्ह) दांडा पंप बंद केल्याशिवाय फिरवायचा नाही, आतलं गॅस्केट फाटतं.

सकाळ-संध्याकाळ क्लोरीन मोजून पुन्हा १० वर न्या. रात्री मोजलेला आणि सूर्य उगवण्याआधी मोजलेला आकडा १ पीपीएमपेक्षा कमी घसरला, की शेवाळ मेलं समजा.

द्राक्षबाग_निफाड:
दोन गोष्टी जोडतो. बोर्डो मिश्रणासाठीचं मोरचूद घरात असतं म्हणून लोक शेवाळावर तेच टाकतात. टाकू नका. त्यातलं तांबं जेलकोटवर निळसर-हिरवे डाग पाडतं.

दुसरं, टीसीसीएच्या (हळूहळू विरघळणारा क्लोरीन) गोळ्या या कामाला नकोत. १० पीपीएम क्लोरीनमागे ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड पाण्यात राहतं. ते साठत गेलं की क्लोरीन पुरेसा दिसतो, पण काम करत नाही. टीसीसीए आणि हायपो पावडर एकत्र आली तर भडका उडतो. माप आणि डबे वेगळेच ठेवा.

क्लोरीनचं पाणी बागेत सोडू नका. क्लोरीन शून्यावर आल्यावरच, तेही वेलींपासून दूर.

मखमलाबादकर:
हिरवा रंग गेला. पाणी आता दुधाळ आहे, तळ दिसत नाही. आणि पायऱ्यांवर तपकिरी डाग आहेत, ब्रशनं निघत नाहीत. क्लोरीन टाकल्यावर किटमध्ये रंग येऊन लगेच उडतो, म्हणजे क्लोरीन संपला का?

सातपूर_पंपवाला:
रंग उडतो तो क्लोरीन खूप जास्त असल्यामुळे. एक भाग पुलाचं पाणी आणि चार भाग क्लोरीन नसलेलं पाणी मिसळून मोजा, आलेला आकडा पाचानं गुणा.

दुधाळपणा मेलेल्या शेवाळाचा. दीड किलो तुरटी पाण्यात विरघळवून सगळीकडे फिरवा, पीएच ७ ते ७.५ मध्ये ठेवा. मल्टीपोर्ट रिसर्क्युलेटवर (पाणी फिल्टर टाळून फिरतं) ठेवून दोन तास फिरवा, मग पंप बंद, रात्रभर हात लावू नका. सकाळी तळाशी राखाडी साय बसलेली दिसेल. ती व्हॅक्यूमनं ओढायची, पण दांडा वेस्टवर, म्हणजे पाणी थेट बाहेर जातं. फिल्टरवर ठेवलात तर वाळू चिकटून गोळे होतात. व्हॅक्यूमचं डोकं ब्रशवालं, आणि अगदी हळू. घाई केली की साय उठते आणि पुन्हा रात्रभर थांबावं लागतं. पातळी फूटभरच उतरू द्या, तेवढ्यात ९,६०० लिटर जातात. एक १० हजारांचा टँकर आधीच सांगून ठेवा.

गोदाकाठ:
डागावर व्हिटॅमिन सीची गोळी अर्धा मिनिट दाबून धरा. रंग फिका पडला तर बोअरच्या पाण्यातलं लोह आहे. पाणी नितळ झाल्यावर क्लोरीन शून्यापर्यंत उतरू द्या, मग अर्धा किलो ॲस्कॉर्बिक ॲसिड डागांच्या जागी पसरून टाका. क्लोरीन असताना टाकलंत तर ते त्याच्यावरच खर्च होतं. नंतर लोह पाण्यात बांधून ठेवणारं मेटल सिक्वेस्ट्रंट टाका आणि क्लोरीन हळूहळू वाढवा, एकदम चढवलात तर डाग परत बसतील.

पाहुण्यांना उतरवायचं तेव्हा: तळाच्या जाळीच्या पट्ट्या काठावरून मोजता आल्या पाहिजेत, पीएच ७.२ ते ७.६, क्लोरीन १ ते ३ पीपीएम. जाळी धूसर दिसत असेल तर एकालाही उतरू देऊ नका. गढूळ पाण्यात बुडणारं माणूस वरून दिसत नाही.