सल्ला हवा: १४ कार्यकर्त्यांना लोकसहभागी नियोजन शिकवायचंय, ४० हजारांत

रानवाट
नमस्कार मंडळी. मोखाडा तालुक्यात आमची छोटी संस्था आहे. १४ कार्यकर्ते, त्यातल्या ९ जणी पाड्यांवरच्याच, बहुतेक दहावीपर्यंत शिकलेल्या. पाणी आणि परसबागेचं काम करतो. नव्या देणगीदाराला लॉगफ्रेम हवी आहे, म्हणजे प्रकल्पाचा उद्देश, कामं, मोजमाप आणि गृहीतकं एकाच तक्त्यात. मला मात्र आराखडा पाड्यानंच केलेला हवाय, आम्ही ऑफिसात बसून केलेला नको. तीन दिवस, सगळं मिळून ४० हजार, मार्चअखेरपर्यंत. कुणाकडून प्रशिक्षण घ्यावं? वारली बोली समजणारं कुणी असेल तर फार बरं.

जुनाजाणता
पुण्यात पाच दिवसांच्या निवासी शिबिराला पाठवा. आम्ही माणशी ११ हजार भरले, पण पुढचे तीन प्रस्ताव पहिल्या फेरीतच मंजूर झाले. १४ जण नकोत, चौघं पुरे. यात पैसा वाचवायला जाऊ नका.

माळरान
चौघांनाच पाठवलं तर ती चौघं साहेब होतात. आमच्याकडे हेच झालं. परतल्यावर पाड्यावरच्या ताई बैठकीत बोलायच्याच बंद झाल्या, आणि त्या चौघांतल्या दोघांनी वर्षाच्या आत नोकरी बदलली. पैसेही गेले, माणसंही गेली.

पाणलोट९४
मी इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात काम केलंय. आमचा खरा वर्ग शिवारातच. नेट प्लॅनिंग म्हणजे गट नंबर घेऊन नवरा-बायको दोघांबरोबर त्यांच्याच शेतात उभं राहायचं. उतार बघायचा, माती किती खोल ते बघायचं, बांध कुठे घालायचा ते त्यांच्या तोंडून ऐकायचं. बाईचं मत वेगळं असेल तर तेही कागदावर. आणि गावानं आधी श्रमदान करून दाखवायचं, मग पैसा. हल्ली मोबाईलवर नकाशा काढतात, शिवारात पाय ठेवत नाहीत. एखादा जुना पाणलोट सेवक गाठा.

सुगी
शिवारफेरीला माझंही अनुमोदन, पण आमची चूक सांगते. गावनकाशा आम्ही देवळासमोर रांगोळीनं काढला. पुरुषांनी रस्ता, शाळा, बंधारा काढला. सगळे खूश. दोन दिवसांनी झिऱ्यावर एका आजीनं तोच नकाशा काठीनं मातीत काढून दाखवला. त्यात झिऱ्याच्या तीन वाटा होत्या, आणि पलीकडची एक वस्ती होती. ती आमच्या नकाशात नव्हतीच, कारण तिथलं कुणी देवळापाशी आलं नव्हतं. तेव्हापासून बायकांचा नकाशा वेगळा, तोही पाणवठ्यावर. आणि चार्टपेपरवरची प्रत गावातच ठेवा. आमची कपाटात राहिली, ते मला अजून लागतं.

लेखाजोखा
लॉगफ्रेमला उगाच नावं ठेवतात. १९६९ पासूनचं साधन आहे, अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेसाठी बनलेलं. चूक आपली, कारण आपण शेवटचा रकाना रिकामा सोडतो, गृहीतकांचा. ‘लोक गावात असतील’ हे मोखाड्यात केवढं मोठं गृहीतक आहे! दिवाळीनंतर अर्धा पाडा वीटभट्टीवर. तुम्ही प्रशिक्षण फेब्रुवारीत घेतलंत तर सहभाग नेमका कुणाचा?

कातळ
गृहीतकं वगैरे ठीक, पण मूळ प्रश्न ग्रामसभेचा आहे. पेसा म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा. त्याच्या राज्यातल्या २०१४ च्या नियमांनुसार पाडा स्वतःला गाव म्हणून जाहीर करून घेऊ शकतो, त्याची वेगळी ग्रामसभा होते. आदिवासी उपयोजनेतून येणाऱ्या पाच टक्के अबंध निधीचं, म्हणजे कशावर खर्चायचा ते वरून न ठरलेल्या पैशाचं, नियोजनही ग्रामसभेनंच करायचं. संस्थेचा आराखडा एकीकडे आणि ग्रामसभेचा दुसरीकडे, असं चालू देऊ नका. सगळ्यांना गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला घेऊन जा. तिथे अभ्यासगट वेगळा बसतो, निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीनं घेते.

माळरान
मोखाड्याहून गडचिरोली म्हणजे राज्याचं दुसरं टोक. १४ जणांचा प्रवास आणि जेवण ४० हजारांत कसं बसवायचं?

जुनाजाणता
म्हणूनच म्हटलं, पुण्याला चौघं.

रानवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. पुणे नको, मेंढा यंदा नको, बाहेरचा प्रशिक्षकही नको असं ठरवलंय. लेखाजोखांची वीटभट्टीची गोष्ट वाचून रात्रभर झोप नव्हती, कारण मी तारखा खरंच फेब्रुवारीच्या धरल्या होत्या. शिमग्याला माणसं घरी येतात, तेव्हाच तीन दिवस दोन पाड्यांवर बसणार. पाड्यातल्या चार जणी शिकवतील, १४ जण शिकतील. शिकवणाऱ्या चौघींना पूर्ण दिवसाची मजुरी देणार, बाकी पैसा जेवण आणि ताडपत्रीला. नकाशा झिऱ्यावर, कामांची पसंती चिंचोके ठेवून. त्यातून जे निघेल ते पाड्यापुढे वाचून मीच लॉगफ्रेममध्ये बसवीन, गृहीतकांच्या रकान्यापासून सुरुवात करून. नकाशाची प्रत अंगणवाडीच्या भिंतीवर.

सुगी
झिऱ्यावर सकाळी सातच्या आत जा. नंतर हंडे भरून बायका निघून जातात.

रानवाट
हो. साडेसहा ठरलंय, वेळ त्यांनीच सांगितली.