गावभेटीला तीन शाखांची मुलं एकत्र, पण फॉर्म तीन. कसं जुळवायचं?

मेघना_दुसरंवर्ष
मी विदर्भात एमबीबीएस करते. २०२१-२२च्या बॅचपासून कुटुंब दत्तक कार्यक्रम अभ्यासक्रमात आला, तशी माझ्याकडेही काही कुटुंबं आहेत; त्यांच्या घरी जाऊन तब्येतीची विचारपूस करत राहायची. यंदा नर्सिंग आणि फिजिओथेरपीची मुलं आमच्यासोबत येतात. बस एक, गाव एक, फॉर्म मात्र तीन.

परवा एका आजींकडे आम्ही पाठोपाठ तिघं गेलो. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "तेच ते किती डाव इचारसान वं बाई?" मला फार लागलं ते.

परतताना बसमध्ये सहज बोलणं निघालं. माझ्या फॉर्मवर होतं, बीपी १६८/१००, गोळ्या चालू. नर्सिंगच्या मैत्रिणीने गोळ्यांचा डबा उघडून पाहिला होता, त्यातली एक पट्टी जवळपास भरलेलीच होती. फिजिओच्या मुलाला कळलं होतं की गुडघ्यांमुळे अंधारात परसातल्या संडासापर्यंत जाणं आजींना होत नाही, म्हणून दुपारनंतर त्या पाणीच पीत नाहीत. भरलेली पट्टी लघवी वाढवणाऱ्या गोळीची होती, आणि ती रात्री जेवणानंतर घ्यायची होती, म्हणून आजी ती टाळायच्या!

बसमध्ये बोललो नसतो तर हे कुणालाच कळलं नसतं. हे दर वेळी घडावं म्हणून काय करू? सर म्हणतात, आपापला फॉर्म भरा.

उपकेंद्रातली_सिस्टर
मेघना बेटा, ३१ वर्षं एएनएम (उपकेंद्रातली नर्स) होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले.

आधी आशाताईंना गाठा. बाळंतिणीच्या घरी ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. कुठल्या घरात सासूसमोर सून बोलत नाही, हे तिला ठाऊक असतं. तिला रस्ता दाखवायला नेऊ नका, तिच्याकडून ऐकून घ्या. कापूस वेचणीच्या दिवसांत अकराला गेलात तर दाराला कुलूपच दिसेल. सांजच्याला जा.

घरात गेल्यावर खाली बसा. विचारायचं एकीनेच. बाकीच्यांनी ऐकायचं आणि डोळे उघडे ठेवायचे: चूल, माठ, औषधाचा डबा, संडासाची वाट. गोळी तुम्ही आपल्या मनाने बदलू नका. सीएचओला (उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला) आजचं बीपी आणि रात्रीची अडचण, दोन्ही सांगा. ती गोळी बहुतेक सकाळी घ्यायला सांगतील, पण ते त्यांना ठरवू द्या.

एक गोष्ट सांगते. आमच्याकडे नऊ वर्षांची एक मुलगी वरचेवर हातपाय दुखतात म्हणून रडायची. मी, डॉक्टर, सगळ्यांनी "वाढीचं वय आहे" म्हणून मालिश सांगितली. शिबिराला डीएमएलटीचा (लॅब टेक्निशियनचा कोर्स) एक पोरगा आला होता, सगळ्यांत मागे उभा. त्याने हळूच विचारलं, "सिकलसेलची तपासणी झालीय का हिची?" झाली नव्हती. हा रक्ताचा आनुवंशिक आजार, त्यात हातपाय असेच दुखतात. सोल्युबिलिटी ही पहिली तपासणी पॉझिटिव्ह आली, पुढे इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ततपासणीत पक्कं झालं. आपल्या भागात हे मला आधी सुचायला हवं होतं. आजही मनाला लागतं. म्हणून सांगते, मागे उभं राहणाऱ्याला आधी बोलू द्या.

फिजिओ_चंद्रपूर
सिस्टर, पटलं.
मेघना, तुमच्या फिजिओच्या मुलाला सांग, व्यायामाची झेरॉक्स देऊन येऊ नकोस. आजी चुलीपुढे उकिडव्या बसत असणार. चूल विटांवर उचलली, बसायला उंच पाट दिला, तर निम्मा त्रास तिथेच कमी होतो. संडासाची पायरी मोजा. मी वितीने मोजते, एका घरी दीड वीत निघाली! धरायला बांबू रोवून दिला. तो सरपंचांच्या मुलाने रोवला, मी फक्त कुठे ते दाखवलं.

सेवाग्रामचा_जुना
आमच्या सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात (स्थापना १९६९) पहिल्याच वर्षी गावात मुक्कामी शिबिर असतं. मुक्कामाचा फरक फार मोठा. रात्री गावातच बसून दिवसभराचं बोललात की बसची वाट पाहावी लागत नाही. जामखेडला आरोळे डॉक्टर दांपत्याने १९७०पासून गावोगावच्या आरोग्याचं जे काम उभं केलं, तेही बघून या. तिथे गावातल्याच बायका आरोग्याचं काम करतात आणि पाहुण्या डॉक्टरांनाही शिकवतात.

मेघना_दुसरंवर्ष
सिस्टर, शनिवारी साडेसहाला गेलो, आशाताई पुढे. त्यांनीच विचारलं, आम्ही खाली बसून ऐकलं. आजींनी स्वतःहून सांगितलं की मागच्या पावसाळ्यात त्या संडासाच्या वाटेवर पडल्या होत्या. हे आमच्या तिन्ही फॉर्मवर नव्हतं, कारण तसा रकानाच नाही. सीएचओ मॅडमनी बीपी पुन्हा तपासलं आणि गोळी सकाळी घ्यायला सांगितली. विटांचं आजींच्या नातवाने अंगावर घेतलंय.

आता आम्ही एकाच वहीत लिहितो. ती वही तिन्ही कॉलेजांत ग्राह्य धरावी म्हणून अर्ज करायचाय. कुणी असा अर्ज केला असेल तर मसुदा पाठवाल का?