लम्पीत बाजार बंद करून काय साधलं?

दावणवाला: २०२२च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणारा साथीचा रोग, दिसला आणि सप्टेंबरात राज्यभर गुरांचे बाजार बंद झाले. माझ्या मते ते योग्यच होतं. डास, माशा, गोचीड यांच्यामुळे रोग पसरतो, मान्य. पण जिल्हा ओलांडून त्याला नेतो तो टेम्पो. लागण झालेल्या जनावराच्या अंगावर गाठी उठायला कधी चार आठवडेही लागतात, तोवर ते धडधाकट म्हणून खपतं. कुठलं जनावर कुठून आलं, आधी कोणत्या गोठ्यात गाठी आल्या, हा माग काढणं म्हणजेच साथरोगशास्त्र. टिकाऊ पशुपालनाच्या गप्पा त्याशिवाय हवेत.

खिलारप्रेमी: गप्पा तुमच्या. पोळा झाला की बैल विकून रब्बीचं बियाणं घेणारा माणूस काय करणार होता? बीडहून ऊसतोडीला निघणाऱ्याला तर जोडी ऐन वेळी लागते. बंद सरसकट केला, जिथं एकही गाठ नव्हती तिथंसुद्धा.

दावणवाला: कारण कुठं नाही हे छातीठोकपणे सांगणारी नोंदच नव्हती! कानात १२ आकडी बिल्ला असतो, पण विक्रीनंतर मालक बदलल्याचं कळवायला कोण जातं? नोंद असती तर चार तालुके बंद करून भागलं असतं कदाचित.

सांजधार: नोंद करायला लोक का कचरतात तेही बोला. लम्पी माणसाला होत नाही, तरी गावात बातमी फुटली की रतीबाची गिऱ्हाईकं तुटतात. मेलेल्या गाईला सरकारने ३०,००० दिले, बैलाला २५,०००, वासराला १६,०००. जगली पण आटली, तिचं काय? तिच्यासाठी शून्य. मग कोण कशाला दवाखान्यात कळवेल? आधी दुधाची भरपाई, मग तुमचं शास्त्र.

खिलारप्रेमी: +१. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना फुकट टोचली, त्याने जनावरं वाचली. मागोवा घेऊन नव्हे.

दावणवाला: लस आधी कुठल्या गावात न्यायची, हे कोण ठरवतं मग? आणि लम्पी दिसतो तरी. ब्रुसेला, म्हणजे गाईचा गर्भ पाडणारा जंतुरोग, दिसतही नाही. गाय गाभडली की आपण तिला सरळ बाजार दाखवतो, आणि घेणाऱ्याच्या गोठ्यात पुढच्या गाभडतात. हा तर माणसालाही होतो.

सांजधार: मग घेताना रक्ततपासणीचा दाखला मागा. व्यापारी दोर सोडून दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळेल. आमच्या बाजारात तरी हेच होईल, तुमच्याकडे कुणी मागून पाहिलाय का?