मदत हवी आहे: पिकअपला लहान टर्बो इंजिन घ्यावं की मोठं, साधं?

मुलुंडची माळीण:

नमस्कार मंडळी. गाड्यांच्या बाबतीत मी नुसती चालवणारी. काही चुकीचं लिहिलं तर हसा, पण उत्तर द्या.

मुलुंडला आमचा बागकामाचा धंदा आहे. सोसायट्यांचं लॉन, गच्चीवरच्या बागा, लोणावळ्याचे दोन-तीन बंगले. रोपं बहुतेक उरुळी कांचनहून आणतो, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी बोरघाट ठरलेला. शिवाय रविवारी घरचे पाच जण भरून मुरबाडला आईकडे. हे सगळं सोळा वर्षं एकाच डबल केबिन पिकअपवर चाललं. तीन लिटरच्या आसपासचं डिझेल इंजिन, टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) नाही, सेन्सर नाहीत. पंधरा वर्षं भरल्यावर पासिंग आणि ग्रीन टॅक्स करून एकदा मुदत वाढवून घेतली. आता चॅसीच गंजत आलीय, तेव्हा पुरे.

माझी अडचण कळावी म्हणून एक सांगते. पवईच्या एका टॉवरमध्ये आमचं काम असतं. गच्चीवरची जुनी माती गोण्यांत भरायची आणि बेसमेंटमधून बाहेर काढायची. वर येणारा रॅम्प चांगला खडा आहे, आणि नेमका त्याच्या टोकाला वॉचमनचा बॅरियर. म्हणजे ऐन चढावर, मागे वीस गोण्या असताना, थांबायचं. जुनी गाडी पहिल्यात टाकून नुसता क्लच सोडला की गुरगुरत वर सरकते. ॲक्सिलरेटरला पाय लावावा लागत नाही.

परवा १.९ लिटरच्या एका नव्या टर्बो पिकअपची टेस्ट ड्राइव्ह घेतली, मॅन्युअल. मागचा हौदा रिकामा. फ्लायओव्हरच्या चढावर ट्रॅफिकमध्ये क्लच सोडला आणि गाडी बंद. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. मागच्या रिक्षावाल्याने काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिसऱ्या वेळी रेस दिली तर ती एकदम झेपावली. सेल्समन म्हणाला, ‘मॅडम, सवय होईल.’ तीस लाखांच्या घरातली वस्तू घेऊन सवय मी करायची?

त्यात डेन्व्हरच्या मामेभावाशी बोलले. तो म्हणतो, लहान इंजिनाला फुंकर मारून मोठं करायचे हे सगळे धंदे आहेत, मोठंच इंजिन घे. तिकडे तो निसान फ्रंटियर पिकअप घेतोय, ३.८ लिटर व्ही६ (सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन), टर्बो नाही, ३१० हॉर्सपॉवर. टोयोटाने टॅकोमाचं ३.५ लिटर व्ही६ काढून २०२४च्या मॉडेलपासून २.४ लिटर टर्बो बसवलं, म्हणून तो चिडलाय.

मला १.९ लिटरची इसुझू व्ही-क्रॉस आणि २.८ची टोयोटा हायलक्स या दोन्ही डोळ्यांपुढे आहेत. लहान इंजिन घाटात दम टाकेल का? टर्बो किती वर्षं टिकतो? जाणकारांनी सांगावं.

स्लो लोकल:

बोलेरो पिकअप घ्या. विषय संपला.

मुलुंडची माळीण:

आई आणि सासूबाईंना घेऊन मुरबाडला जायचं असतं हो. गाडी एकच, तीच धंद्याची आणि तीच घरची.

नोझलकाका:

ताई, माझी निम्मी हयात डिझेल पंप आणि नोझल उघडण्यात गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज काढा. तुम्ही म्हणता तो ‘मोठं, साधं’ हा पर्याय आपल्याकडे राहिलेलाच नाही. व्ही-क्रॉसचं १.९ही टर्बो आणि हायलक्सचं २.८ही टर्बोच. मामेभावाकडचा वाद पेट्रोल व्ही६चा आहे, तो इथल्या डिझेलला जसाच्या तसा लावू नका.

दुसरं, सीसीवरून ताकद मोजायची सवय सोडा. इसुझूच्याच एस-कॅबमध्ये २.५ लिटरचं इंजिन येतं, ७८ पीएस (साधारण हॉर्सपॉवरच) आणि १७६ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढ. त्यांच्याच १.९मध्ये १६३ पीएस आणि ३६० न्यूटन मीटर. लहान इंजिन, दुप्पट ओढ. हायलक्सच्या २.८मध्ये २०४ पीएस, टॉर्क मॅन्युअलला ४२० आणि ऑटोमॅटिकला ५००.

मग तुमची गाडी बंद का पडली? टर्बोचा पंखा फिरतो सायलेन्सरकडे निघालेल्या धुरावर. इंजिन आठशे-हजार आरपीएमला (मिनिटाला तेवढे फेरे) घुटमळत असेल तर धूर थोडा, पंखा मंद, हवा दाबली जात नाही. त्या क्षणी तुमच्या पायाखाली खरोखरच नुसतं १.९ लिटरचं बिनटर्बोचं इंजिन असतं, आणि त्याने दोन टनांची गाडी चढावर हलवायची असते. दीड-दोन हजारांवर गेलं की टर्बो भरतो आणि ती झेपावते. तुमच्या जुन्या गाडीत हा खड्डा नव्हता. टॉर्क एकूण कमीच होता, पण होता तेवढा खालीच मिळायचा, आणि पहिला गिअर बैलगाडीसारखा छोटा. रॅम्पवर तुम्हाला आवडत होतं ते हे. १.९चा सगळा टॉर्क दोन हजारांच्या पुढे येतो, २.८ मॅन्युअलचा चौदाशेपासून. मोठ्या इंजिनाचा फायदा असलाच तर तो इथे, घाटात नाही.

उपाय सोपा आहे. ऑटोमॅटिक घ्या. त्यातला टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असतो तो) सुटताना इंजिनाला मोकळं फिरू देतो, तोवर टर्बो भरतो. चढावर हाफ क्लच नाही, प्लेट जळणं नाही. आमच्या पिढीला ऑटोमॅटिक म्हणजे नखरा वाटायचा. मलाही वाटायचा.

खोपोली वळण:

काकांशी सहमत, पण घाट चढण्याइतकाच उतरण्याचाही विचार करा. भरलेली गाडी घेऊन लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना मोठं इंजिन खालच्या गिअरमध्ये जास्त धरून ठेवतं. लहान इंजिन तेवढं अडवत नाही, मग पाय सारखा ब्रेकवर. ऑटोमॅटिक घेतलीत तर घाटात डीमध्ये सोडून देऊ नका, मॅन्युअल मोडला टाकून गिअर खाली ठेवा. ब्रेक तापल्याचा वास एकदा आला की कळतं.

मामेभावाबद्दल: डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटरवर. बिनटर्बोचं इंजिन दर तीनशे मीटरला साधारण तीन टक्के ताकद गमावतं. म्हणजे त्याच्या ३१० हॉर्सपॉवरपैकी घराच्या दारातच पन्नासेक गेल्या, आणि सुट्टीत रॉकीजमध्ये वर गेला की आणखी. टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो. त्या गावात राहून टर्बोला नावं ठेवणं म्हणजे कमालच आहे. आपल्याला लोणावळ्यापर्यंत सहाशे-साडेसहाशे मीटर, तिथे हा मुद्दा फारसा नाही.

आणि टॅकोमाचं म्हणाल तर जुन्या व्ही६लाही २७८ हॉर्सपॉवर होत्या आणि नव्या टर्बोलाही, बेस मॉडेल सोडून, जवळपास तेवढ्याच. टॉर्क मात्र ३५९ न्यूटन मीटरचा ४३० झाला, आणि जो आधी ४६०० आरपीएमला पूर्ण मिळायचा तो आता सतराशेच्या आसपास मिळतो. मामेभावाला विचारा, ट्रेलर ओढताना ४६००ला किंचाळणारं इंजिन आवडेल का.

मुलुंडची माळीण:

विचारलं. ‘आवाज छान असतो’ असं उत्तर आलं. सोडून दिलं.

काका, इतकं समजावून कुणी सांगितलं नव्हतं, खूप आभार. पण टर्बो टिकण्याचं राहिलं. आमच्या ओळखीच्या एकाचा टर्बो एक्स्प्रेसवेवर गेला, पांढऱ्या धुराचा लोट निघाला म्हणे.

नोझलकाका:

जातो तो बहुतेक वेळा ऑइलमुळे. पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. ऑइल जुनं, काळं, कमी, की मेला. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच घाला, बदलायचं पुढे ढकलू नका. सकाळी चालू करून अर्धं मिनिट थांबा. घाट चढून लोणावळ्याला चहाला थांबलात तर लगेच किल्ली फिरवू नका, मिनिटभर चालू ठेवा. आतलं ऑइल त्या उष्णतेत करपतं.

तुमच्या धंद्यात आणखी एक आहे, माती. एअर फिल्टर फाटका किंवा नीट न बसलेला असेल तर धूळ थेट पंख्यावर जाते आणि त्याची पाती झिजवते. शोरूमच्या हिशेबाने नाही, तुमच्या हिशेबाने फिल्टर बघा. पावसाळा संपला की आधी तोच.

ठाण्याचा भाडेकरू:

सगळे टर्बोच्या मागे लागलेत, मी वेगळं सांगतो. माझ्याकडे बीएस६ डिझेल आहे, कंपनीचं नाव नको. टर्बोने एकदाही त्रास दिला नाही, डीपीएफने जीव काढला. एप्रिल २०२०पासून डिझेल गाड्यांना काजळी अडवणारी ही जाळी आली. साचलेली काजळी ती जाळून टाकते, पण त्यासाठी गाडी थोडा वेळ एकसारख्या वेगात पळायला हवी. माझं रोजचं घोडबंदर, गायमुखला तास-तास रांगणं. तिसऱ्या महिन्यात दिवा लागला, मग गाडी लिंप मोडला गेली, म्हणजे ताकद आखडून घेतली, माणसासारखी रुसून. इंजिन १.९ असो की २.८, जाळी दोन्हीला असतेच. रोज मुलुंड-भांडुप-पवई एवढंच असेल तर जपून. तुमचा महिन्यातून दोनदा एक्स्प्रेसवे होतो, बहुधा वाचाल. दिवा लागला की दुर्लक्ष करू नका, एवढंच.

स्लो लोकल:

वीस गोण्या म्हणजे किती किलो?

मुलुंडची माळीण:

तीसची एक. सहाशे.

स्लो लोकल:

मग मी पहिल्याच ओळीत जे म्हटलं त्यावर पुन्हा विचार करा. या डबल केबिनच्या गाड्या दिसायला दांडग्या, पण कागदावरचा माल बोलेरो पिकअपच्या जवळपासही नाही. एकूण परवानगीच्या वजनातून गाडीचं वजन वजा करा, त्यातून माणसं वजा करा, उरेल ते तुमचं. तो आकडा ब्रोशरमध्ये शोधा आणि सेल्समनकडून लिहून घ्या. इंजिन सहाशे किलो ओढेल हो. पासिंग आणि सस्पेन्शनचे पाटे परवानगी देतात का, ते वेगळं. धंद्याचा माल पांढऱ्या पाटीवर चालतो का, हेही आरटीओत विचारून घ्या.

मुलुंडची माळीण:

कालची हकिगत. ऑटोमॅटिकची टेस्ट ड्राइव्ह मागितली, या वेळी स्वतःच्या दहा गोण्या घेऊन. सेल्समन आधी नको म्हणाला, हौद्यात जाड ताडपत्री अंथरल्यावर तयार झाला. सरळ पवईला नेली. रॅम्पच्या टोकाला मुद्दाम थांबवली, वॉचमनला सांगितलं बॅरियर उघडू नकोस. मग ब्रेक सोडला. क्षणभर जागच्या जागी उभी राहिली, पाय टेकवताच शांतपणे वर. गुरगुर नाही. सेल्समनने श्वास सोडल्याचं ऐकू आलं.

उत्साहात फोर लो (चारही चाकांना ओढ, सगळ्यात खालचा गिअर) लावून पाहू का विचारलं, तर त्यानेच अडवलं. कोरड्या सिमेंटवर वळताना लावलं की गिअर आणि ॲक्सलवर ताण येतो म्हणे. काका, खरं का हे?

गोण्या यापुढे दहा-दहाच नेणार, दोन फेऱ्या. १.९ की २.८ ते अजून ठरत नाही. काल तरी १.९ ऑटोमॅटिक मला पुरलं.

नोझलकाका:

खरं आहे. फोर लो मुरबाडच्या चिखलासाठी ठेवा. आणि १.९ पुरलं ना, मग पुरलं.

मुलुंडची माळीण:

आता नवीनच. व्ही-क्रॉस काय आणि हायलक्स काय, दोन्हींची लांबी ५.३ मीटरच्या आसपास. रात्री सुतळी मोजून घेतली आणि आमच्या पार्किंगमध्ये धरून पाहिली. खांबापासून पिवळ्या रेघेपर्यंत जाऊन हातभर सुतळी बाहेर उरते. वॉचमनने विचारलं, ताई काय हरवलं का. सेक्रेटरींना बाहेर आलेलं नाक चालेल का, हे विचारायचं कसं, यासाठी वेगळा धागा काढू का?