आईला टी-एलजीएल ल्युकेमिया (टी-लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा रक्ताचा कॅन्सर) सांगितलाय, मेथोट्रेक्सेटबद्दल मदत हवी आहे (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी, आई ६३ वर्षांची, संधिवात जुना आहे (आरए), त्यासाठी मेथोट्रेक्सेट चालू होतं. मागच्या वर्षापासून सारखं तोंड येतंय, ताप येतोय, अँटिबायोटिकचा कोर्स संपला की पुन्हा तेच. न्यूट्रोफिल (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी दिसले म्हणून मेथोट्रेक्सेट बंद केलं पण काउंट काय वर यायला तयार नाही, आता एएनसी (न्यूट्रोफिलचा काउंट) ४२० आहे. मग रक्ताच्या स्मिअरमध्ये मोठे दाणेदार लिम्फोसाइट जास्त दिसले, फ्लो सायटोमेट्रीत (पेशींचा प्रकार ओळखायची टेस्ट) सीडी३, सीडी८, सीडी५७ या पेशींवरच्या खुणा पॉझिटिव्ह. प्लीहा पण थोडी वाढलीय. हिमॅटॉलॉजिस्ट (रक्तविकाराचे डॉक्टर) म्हणतात हळू चालणारा आजार आहे, टीसीआर (टी-सेल रिसेप्टरची) टेस्ट करू आणि मेथोट्रेक्सेट सुरू करू.

आता मला हेच कळेना, पांढऱ्या पेशी कमी होतात म्हणून जी गोळी बंद केली तीच त्या वाढवायला कशी काय? आणि फ्लो झाल्यावर टीसीआर लागतेच का, खर्च बराच आहे. ल्युकेमिया म्हटल्यावर मामा रोज फोन करून मुंबईला हलवा म्हणतोय, आणि आईचं वेगळंच, तिला चैत्रात जोतिबाला जायचंय!

प्रतिसाद:
ताई, मी हिमॅटॉलॉजीत रेसिडेंट आहे. टीसीआर टाळू नका. असल्या दाणेदार पेशी व्हायरल इन्फेक्शनमध्ये, आरएमध्येही वाढतात, सगळ्या एकाच पेशीपासून झाल्यात का ते त्यातून कळतं. गोळी बंद करूनही काउंट पडलेलाच, म्हणजे दोष बहुतेक गोळीचा नव्हता. या दाणेदार पेशींमुळेच न्यूट्रोफिल मरतात, मेथोट्रेक्सेट या दाणेदार पेशींना आवरतं. असर दिसायला चार महिने लागू शकतात, नाही जमलं तर सायक्लोफॉस्फमाइड किंवा सायक्लोस्पोरिन आहे. सगळ्यांना लगेच औषध देत नाहीत, काहींना नुसतं लक्ष ठेवून सोडतात, पण एएनसी ५०० च्या खाली आणि वर सारखं इन्फेक्शन, मग थांबण्यात अर्थ नाही. गोळी आठवड्यातून एकदाच हां, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. फॉलिक अॅसिड, सीबीसी, लिव्हर-किडनीच्या टेस्ट डॉक्टर सांगतील तशा. ताप १००.४ झाला तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं, घरी क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. मामांना सांगा, दुसरं मत घ्यायला रिपोर्ट पाठवले तरी चालतात.

ताई:
खूप धन्यवाद, आणि जोतिबाचं काय सांगू तिला?

प्रतिसाद:
यात्रेत आणि गुलालाच्या धुरळ्यात नको. काउंट वर आला की एखाद्या साध्या दिवशी, गर्दी नसताना न्या.