काळी गाडी, आंब्याची सावली आणि कोरडं फडकं

काळीच_हवी_होती (ठाणे):

मंडळी, आधी चूक कबूल करतो. गाडी घेताना बायको पांढरी म्हणत होती, मेव्हणा करडी म्हणत होता. मी काळीसाठी अडून बसलो. दसऱ्याला गाडी दारात आली. अजून सहा महिने झालेले नाहीत आणि आज सकाळी बॉनेटवर तिरपं ऊन पडलं, तेव्हा पोटात गोळाच आला.

झालं असं. शिमग्याला राजापूरजवळ गावी गेलो होतो. अंगणात आंबा आहे, त्याच्या सावलीला गाडी चार दिवस उभी. पालखी, नातेवाईक, जेवणावळी, या गडबडीत गाडीकडे बघितलंच नाही. पाचव्या दिवशी निघताना बघतो तर टपापासून डिकीपर्यंत सगळं चिकट, कोणी पाक शिंपडल्यासारखं. त्यावर जांभ्याची लाल धूळ बसलेली. चुलत भाऊ म्हणाला, ‘फडकं मार, जातंय.’ जुनी बनियन घेऊन कोरडीच घासली. जाईना, म्हणून जोर लावला. मग भर दुपारी उन्हात बोअरच्या पाण्याने गाडी धुतली आणि तशीच सुकू दिली. उरलेलं काम सोसायटीत रोज गाड्या पुसणाऱ्या माणसाने केलं. त्याच्याकडे एक बादली, एक फडकं आणि गाड्या चौदा.

आता स्थिती अशी आहे. मोबाइलची टॉर्च धरली की सगळीकडे कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे दिसतात. टपावर आणि काचेवर पांढरी वर्तुळं आहेत. ड्रायव्हरच्या दाराच्या वर पक्ष्याच्या विष्ठेचा डाग आहे, धुतला तरी कड दिसते, पण नखाला लागत नाही. शिवाय बॉनेटवर तिळाएवढा टवका उडालाय, तो महामार्गावर डंपरच्या मागे असताना.

एका दुकानात सांगितलं, सिरॅमिक कोटिंग करा, २४ हजार, ९एच आहे, चरा पडणारच नाही. दुसऱ्याने २,५०० रुपयांत रबिंग-पॉलिश करून देतो म्हणून सांगितलं. कोणाचं ऐकू?

पांढरा_शुभ्र (नाशिक):

बायकोचं ऐकायला हवं होतं. माझी पांढरी गाडी नऊ वर्षांची आहे. चरे तिच्यावरही असतील, पण मला आजवर दिसलेले नाहीत, आणि मी शोधायलाही जात नाही.

हापूसवाला (रत्नागिरी):

रंगातलं मला फार कळत नाही, आंब्यातलं कळतं. तुमच्या गाडीवर पडला तो झाडाचा चीक नव्हे. मोहोरावर तुडतुडे असतात, ते रस शोषतात आणि मागून गोड चिकट पाणी सोडतात. ते पानांवर पडलं की त्यावर काळी बुरशी धरते, बागेत झाडं काजळल्यासारखी दिसतात ती त्यामुळे. यंदा मोहोर उशिरापर्यंत होता म्हणून शिमग्यालाही तुम्हाला प्रसाद मिळाला.

पण ती मुळात साखर आहे, पाण्यात विरघळते. ओला पंचा टपावर दहा-पंधरा मिनिटं पसरून ठेवला असता, मग साबणाचं पाणी ओतलं असतं, तर घासायची गरजच नव्हती. तुम्ही लाल माती मधे घेऊन घासलीत. जांभ्याची माती म्हणजे लोखंडाच्या गंजाचीच भावंड, हाताला मऊ लागते पण कणी कडक.

खरा चीक वेगळा. आंबा काढताना देठ तुटला की जो चीक उडतो, तो फळावर पडला तरी काळा डाग पडतो. म्हणून आम्ही थोडा देठ ठेवून आंबा उतरवतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला, म्हणजे देठासकट आंबा उतरवायची जाळी लावलेली काठी, त्याचसाठी आहे. तो चीक गाडीवर दिसला तर लगेच धुवा, संध्याकाळची वाट बघू नका. फणसाचा चीक पडला तर खोबरेल लावून सैल करायचा, आपण गरे काढताना हाताला लावतो तसंच, आणि नंतर शाम्पूने तेल काढायचं.

आणि सावली हवी म्हणून माडाखाली लावू नका. गाडी माडाखाली दिसली की पाहुणे आलेत हे आम्हाला लांबूनच कळतं.

पेंटर_काका (कोल्हापूर):

डेंटिंग-पेंटिंगमध्ये एकतीस वर्षं काढली. आता मुलगा बघतो, मी खुर्चीत बसून चुका काढतो. तुमचं वाचून हात शिवशिवले.

पहिलं म्हणजे २,५०० वाल्याकडे जाऊ नका. कोटिंगवाल्याला ‘कळवतो’ म्हणा. दोघांनीही तुम्हाला रंग किती जाड असतो ते सांगितलं नाही.

कंपनीतून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट सगळं मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन असतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यात क्लिअर कोट ४०-५०चा. आपला केस ७०च्या आसपास. म्हणजे जी चमक तुम्ही सांभाळताय ती केसाहून बारीक आहे, आणि प्रत्येक पॉलिश त्यातलंच थोडं खाऊन चमक देतं. आम्ही अॅम्बेसेडर, पद्मिनी घासायचो तेव्हा फडक्याला गाडीचा रंग लागायचा, गिऱ्हाईक खूश व्हायचं, मळ निघाला म्हणून. तुमच्या गाडीवर फडकं काळं झालं तर हात थांबवायचा, क्लिअर कोट संपला असं समजायचं.

ते गोल चरे गोल नाहीत बरं का. बनियन तुम्ही काय चक्राकार फिरवली नसेल. चरे सगळ्या दिशांना असतात, पण दिव्याच्या भोवती जे आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून जाळं दिसतं. टॉर्च सरकवा, जाळंही सरकेल. नखाला लागत नाहीत तोवर ते वरच्या थरातच आहेत, निघतील.

पांढरी वर्तुळं बोअरच्या पाण्यातल्या क्षारांची. साधं पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळा, सावलीत, पत्रा गार असताना ओल्या फडक्याने लावा, दोन मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. एका वेळी एकच भाग. सुकू देऊ नका. जी जातील ती वर बसलेली होती, जी उरतील ती रंगात उतरलीत, ती पॉलिशनेच जातील. पक्ष्याच्या डागाचंही तसंच. विष्ठेत यूरिक आम्ल असतं, आणि ठाण्याच्या उन्हात काळा पत्रा तव्यासारखा तापतो. पुढच्या वेळी दिसली की ओला टिश्यू ठेवून भिजवायची आणि उचलायची. पुसायची नाही. त्यात बियाही असतात.

आता ९एच. ती पेन्सिलची मापं आहेत. ९एच पेन्सिलीने ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाळूच्या कणाने आणि तुमच्या सोसायटीच्या फडक्याने उठतो. कोटिंग वाईट नाही. पाणी घसरून जातं, मळ धरत नाही, धुणं सोपं होतं. पण डंपरच्या खडीपुढे ते काही नाही, आणि चरे तसेच ठेवून वरून कोटिंग मारलं तर ते चऱ्यांसकट काचेत बसवल्यासारखं दिसतं. २,५०० वाला काय करेल ते सांगतो. एकच मशीन, लोकरीचं पॅड, फुल स्पीड. त्या दिवशी गाडी आरशासारखी, कारण पॉलिशमधलं तेल चऱ्यांत भरलेलं. तीन धुण्यांत तेल जातं, आणि उन्हात मशीनच्या फेऱ्यांचे पट्टे दिसायला लागतात. काळ्या गाडीवर तर लई वाईट.

जिथे जाल तिथे रंगाची जाडी मोजणारा मायक्रॉन मीटर आहे का विचारा. हो म्हणाला तर प्रत्येक दार, बॉनेट, टप मोजून लिहून घ्या. बंपर प्लास्टिकचा, त्यावर तो मीटर चालत नाही, वाद घालू नका. मशीन डबल अॅक्शनचं हवं, म्हणजे पॅड नुसतं गोल न फिरता हलतंही, फोमचं पॅड, बारीक कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट. आधी एका कोपऱ्यात हातभर जागेवर करून दाखव म्हणा. त्याच्याआधी क्ले, म्हणजे रंगावर चिकटलेली कणी उचलणारा मातीसारखा मऊ गोळा, फिरवायला लावा. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून धुतलेल्या बॉनेटवरून हलकेच फिरवा, खरखरीत लागलं तर क्लेची गरज आहे. क्ले जमिनीवर पडली तर टाकून द्यायची, झटकून परत वापरणारा दिसला तर गाडी घेऊन निघा.

टवका मात्र आधी बघा. तळाशी पांढरट-करडं दिसत असेल तर प्रायमर शाबूत आहे. चकचकीत दिसलं तर पत्रा उघडा पडलाय, पावसाळ्याआधी बुजवा. रंगाचा कोड दाराच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो, त्याप्रमाणे टचअप घ्या. बाटलीतला ब्रश वापरू नका, जाडा असतो. काडेपेटीच्या काडीने थेंब ठेवा, सुकला की दुसरा.

काळीच_हवी_होती:

काका, मनापासून आभार. व्हिनेगरने टपावरची बहुतेक वर्तुळं गेली, सात-आठ उरली. दोन शंका. एक, रोज पुसणारा माणूस. त्याला बंद करायचं मनाला येत नाही, त्याचे महिन्याचे पैसे ठरलेले आहेत. दुसरी, बायकोने गाडीचं कव्हर मागवलंय.

पेंटर_काका:

बंद करू नका. पैसे तेवढेच द्या आणि काम बदलून द्या. रोज काचा, आरसे, टायर. रंगाला कोरडं फडकं लावायचं नाही, एवढी एकच अट. दोन मायक्रोफायबर तुमचे द्या, फक्त तुमच्या गाडीचे. पहिले चार दिवस तो ऐकणार नाही, कारण धुळीची गाडी दिसली की बाकीचे मेंबर त्यालाच बोलतात. सेक्रेटरीला सांगून ठेवा.

धुवायचं आठवड्यातून एकदा, तुम्ही. आधी नुसतं पाणी मारून माती खाली पाडायची. हे जेवढं जास्त वेळ कराल तेवढे चरे कमी. मग दोन बादल्या, एकात शाम्पू, एकात साधं पाणी. टपापासून खाली यायचं, दर दोन-तीन हातांनी धुवायचा मऊ हातमोजा साध्या पाण्यात खळबळायचा. दाराचा खालचा भाग सगळ्यात शेवटी, तिथेच माती जास्त. चाकांना वेगळं फडकं, ते परत रंगाला लावायचं नाही. भांड्याचा साबण नको, त्याने मेण निघतं. आणि बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर लगेच टिपून घ्या, घासून पुसू नका. मोठा टॉवेल पसरायचा आणि उचलायचा. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, काडीने मोकळी करा. कोकणातली माती तिथेच बसते, दार आतून गंजतं आणि बाहेर फोड येईपर्यंत कळत नाही.

कव्हर परत करा. तुमची पार्किंग छताखाली आहे ना? धुळीच्या गाडीवर कव्हर म्हणजे वाऱ्यावर चालणारा पॉलिशपेपर.

काळीच_हवी_होती (बारा दिवसांनी):

काल एका ठिकाणी मीटर लावून घेतला. बॉनेट ११२, टप १०८, ड्रायव्हरचं दार १०४. मागचं डावं दार २३१. त्याने दोनदा मोजलं, तेच आलं. गाडी नवी घेतलेली आहे, मी कुठेही ठोकलेली नाही. काका, हे काय?

पेंटर_काका:

ते दार पुन्हा रंगवलंय. लांबी (खड्डा भरायची पुट्टी) भरलेली नाही, ती असती तर आकडा कितीतरी वर गेला असता. म्हणजे पोचा नव्हता, चरा असावा. लगेच कोणाच्या अंगावर जाऊ नका, कंपनीतही दाराची दुरुस्ती होते, वाहतुकीत होते, शोरूमच्या यार्डातही होते. दार उघडून खिडकीजवळचं रबर हलकेच उचला. मास्किंग टेपची कड हाताला लागते का बघा. शेजारच्या दाराचा आतला भाग आणि याचा, दोन्ही दारं सावलीत उघडून बघा, रंगात फरक दिसतो का. मग लेखी विचारा. पॉलिशवाल्याला त्या दारावर आत्ता काही करू देऊ नका, नाहीतर उद्या तुमच्यावरच ढकलतील.

काळीच_हवी_होती:

रबर उचललं. कड आहे, नखाला लागते. खालच्या कोपऱ्यात टेपचा चिमूटभर तुकडाही चिकटलेला सापडला, तो तसाच ठेवून फोटो काढला. मीटरच्या आकड्यांचेही फोटो आहेत, शनिवारी घेऊन जातोय. बायको येते म्हणाली. पांढऱ्या गाडीत टेप राहिली असती तर दिसली असती, असं तिचं म्हणणं.