लीदेच्या ढिगातलं पाणी ओढ्यात जातंय, सुरुवात कुठून करू?

ओढ्याकाठचा
नमस्कार मंडळी. आठ घोडे आहेत, जागा सहा एकर आणि उताराला खाली ओढा. रोजची लीद आणि तबेल्यातला भुसा मागच्या बाजूला एकाच ढिगावर जातो, आणि पाऊस लागला की त्यातून काळपट पाणी झिरपत सरळ ओढ्याकडे जातं. पॅडॉकची, म्हणजे घोडे मोकळे सोडायच्या कुंपणातल्या कुरणाची, तर वेगळीच तऱ्हा, अर्ध्या भागात नुसती माती आणि उरलेल्या अर्ध्यात एवढं मोठं गवत की कापायला येईल, पण घोडे त्याला तोंडच लावत नाहीत. माश्यांचं विचारूच नका. मोठं बांधकाम आत्ता झेपणार नाही, तर आधी कशाला हात घालू? खालच्या अंगाला ज्यांची शेतं आहेत ते अजून काही बोललेले नाहीत, पण बोलायच्या आत काहीतरी करावं म्हणतो.

रिकीब
आधी पाणी, बाकी सगळं नंतर. ढीग ओढ्यापासून आणि विहिरीपासून लांब, उंचवट्यावर न्या, निदान ३० मीटर तरी अंतर ठेवा, आणि वरून ताडपत्री टाका. वरच्या अंगाला एक चर खणा म्हणजे उतारावरून येणारं पाणी ढिगात न शिरता बाजूने निघून जाईल. दुसरं म्हणजे तबेल्याच्या छपराला पन्हळ आहे का? नसेल तर ती लावा. हिशोब सोपा आहे, १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर, म्हणजे २०० चौरस मीटर छपरावर २० मिमी पडला की ४००० लिटर स्वच्छ पाणी तुमच्या अंगणातली लीद धुऊन ओढ्यात नेणार. तेच पन्हळीतून टाकीत घेतलं तर अंगण धुवायला होईल. आणि ओढ्याला कुंपण घालून काठाचा एक पट्टा गवत-झुडपांना सोडून द्या, जे काय वाहत येईल ते बरंचसं तिथेच अडेल.

खरारा
रिकीबशी सहमत, पण नुसती जागा बदलून ढीग कमी होत नाही ना. एक घोडा लीद आणि मूत मिळून दिवसाला साधारण २० ते २५ किलो टाकतो, आठ घोड्यांचे वर्षाला साठ-सत्तर टन झाले, आणि त्यावर भुसा वेगळाच! बऱ्याच तबेल्यांत ढिगाचा मोठा भाग लीद नसून कोरडा भुसाच असतो कारण साफ करणारा सगळं एकत्र ओढून बाहेर काढतो. जाळीच्या फावड्याने गोळे उचला, ओली जागा तेवढी काढा, बाकीचं राहू द्या. खाली रबरी मॅट असेल तर भुसा आणखी कमी लागतो. लाकडाचा भुसा जास्त झाला की ढीग गरमच होत नाही, महिनोन्महिने तसाच पडून राहतो, आणि तसला माल शेतात घातला तर जमिनीतलं नत्र तोच ओढून घेतो आणि पीक पिवळं पडतं. तसं झालं असेल तर हिरवं गवत, पाला मिसळा. (भुसा काळ्या अक्रोडाच्या लाकडाचा नाही ना हे मात्र विचारून घ्या, त्यावर उभं राहूनही घोड्याचे खूर जातात.)

ढीग कमीत कमी मीटरभर लांब-रुंद-उंच हवा नाहीतर आत उष्णता धरत नाही. आत ५५ ते ६५ अंश गेलं पाहिजे, त्यात जंतांची अंडी आणि तणाचं बी मरतं, पण कडेचा माल थंडच असतो म्हणून वरखाली करणं आलं. थर्मामीटर नसला तर लोखंडी सळई ढिगात खुपसून ठेवा, दहा मिनिटांनी काढून टोकाकडे धरा, हातात धरवत नाही म्हणजे काम चालू आहे. ओलावा बघायला मूठभर घेऊन घट्ट दाबा, बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर फार ओलं. नीट जमलं तर ढीग निम्म्यावर येतो.

चराऊ
पॅडॉकबद्दल बोलतो. घोडे जिथे लीद टाकतात तिथलं गवत खात नाहीत आणि जिथे खातात तिथे मुळापर्यंत खातात, गाईसारखी जीभ गुंडाळून ओढत नाहीत, वर-खाली दोन्हीकडे पुढचे दात आहेत. म्हणून तुमचं अर्धं टक्कल, अर्धं जंगल. स्पष्ट सांगतो, सहा एकरात आठ घोडे पूर्ण चरून जगतील असं होणार नाही, विकतचा चारा लागणारच. मग एक तुकडा ठरवून बळी द्या, उंचावरचा आणि ओढ्यापासून दूरचा, तिथे मुरूम टाका आणि जमीन ओली असेल तेव्हा घोडे तिथेच ठेवा. बाकीच्या कुरणाचे भाग पाडा. गवत १५-२० सेंमी झालं की सोडायचं, ८ सेंमीवर आलं की बाहेर काढायचं. कच्ची लीद कुरणावर पसरू नका, जंतांच्या अळ्या सगळीकडे होतात.

रिकीब
कडक उन्हाळ्यात कोरड्या हवेत फणी फिरवून पसरली तर अळ्या मरतात की.

चराऊ
मरतात, पण नंतर त्या तुकड्याला विश्रांती द्यायला हवी, आणि ह्यांच्याकडे तेवढी जागा आहे कुठे? त्यापेक्षा उचललेली बरी. दोन-तीन दिवसांनी उचला, माश्याही कमी होतील. उबदार हवेत घरमाशीची अंड्यापासून माशी व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात.

ओढ्याकाठचा
खूप आभार सगळ्यांचे, पन्हळ नाहीये, तिथूनच सुरू करतो. जंताचं औषध आम्ही दर दोन महिन्यांनी सगळ्यांना देतो, ते तर ठीक आहे ना? आणि तयार खत शेजारच्या भाजीवाल्या शेतकऱ्याला दिलं तर चालेल?

खरारा
औषधाचं तेवढं ठीक नाही. बहुतेक अंडी कळपातल्या थोड्याच घोड्यांकडून पडतात, साधारण २० टक्के घोडे ८० टक्के अंडी टाकतात. लीदेची तपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने ज्याला लागेल त्यालाच द्या, सरसकट देत राहिलं की जंत औषधाला दाद देईनासे होतात. शिवाय आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध लीदेतून बाहेर पडतं आणि शेणकिडे मारतं, आणि तेच तर फुकटात लीद जमिनीत गाडतात.

खत जरूर द्या, पण आधी चारा कुठून येतो ते विचारा. अमिनोपायरॅलिड, क्लोपायरॅलिड अशी तणनाशकं गवतावर मारलेली असली तर घोड्याच्या पोटातून जाऊनही शाबूत राहतात, घोड्याला काही होत नाही पण टोमॅटो-घेवड्याची वाट लागते, आणि कंपोस्ट होतानाही लवकर जात नाहीत. खत मातीत मिसळून तीन-चार कुंड्यांत घेवडा लावा, शेजारी दोन कुंड्या नुसत्या मातीच्या ठेवा. तीन आठवडे थांबा. खताच्या कुंड्यांतली नवी पानं मुडपून वाटीसारखी झाली तर ते खत भाजीला देऊ नका, स्वतःच्याच कुरणावर टाका.